उतारावरचा ठोकळा

"सर, आज गाणं नको हां," साकेतने वर्गाच्या दारातच सांगितलं. "कॅमेरा लाइव्ह आहे. पेरेंट्स घरून बघतायत. आज नीट गेलं तर अकरावीची बॅच तुमच्याकडे. नाहीतर मग माझ्या हातात काय राहत नाही."

चांगदेव भोईर सरांनी मान हलवली. साकेत एकेकाळी त्यांचाच विद्यार्थी. कल्याणला त्यांच्या घरच्या ओटीवर, चटईवर बसून शिकलेला. आता डोंबिवली पूर्वेला त्याची स्वतःची अकॅडमी होती, आणि ओटीवरची शिकवणी ओस पडल्यावर सर तिथे नोकरीला लागले होते. साकेत त्यांना अजून सरच म्हणे, पण बोलताना बघे फोनकडे.

गाणं म्हणजे तसं गाणं नव्हतंच. गावच्या देवळात दर एकादशीला कीर्तन होई आणि सर लहानपणापासून तिथे टाळ घेऊन बुवांच्या मागे उभे राहत. बुवा चरण अर्धा सोडतात, मागचे तो उचलून पुरा करतात, आणि त्या उचलण्यातच बुवांना पुढचं सुचतं. हे सुख सरांनी पुष्कळ अनुभवलं होतं. तीच रीत त्यांनी शिकवण्यात आणली. घर्षणाचं गणित आलं की फळ्यावर तिरकी रेघ, रेघेवर ठोकळा, आणि सर चालीवर म्हणत, "उतार बघितला, वजन बघितलं..." मुलं एका आवाजात पुरं करत, "आधी विचारा, घसरतो का!" ते झाल्याशिवाय सर पुढची ओळ लिहीत नसत. कितीतरी बॅचेस अशा गेल्या. त्यांतला कुणी बाजारात भेटला तर पाया पडता पडता तेवढंच म्हणून दाखवी.

या बॅचने ते कधी उचललं नाही. सर अर्धा चरण सोडत आणि वर्ग गप्प बसे. मग मागच्या बाकावरच्या मितेशने त्याचा व्हिडिओ काढला, खाली डीजेचा ठेका लावला आणि 'माउली सर' असं नाव देऊन नेटवर टाकला, कारण सर मुलांना माउली म्हणत. तो पालकांच्या ग्रुपवर पोचला. आम्ही मुलांना इंजिनिअर व्हायला पाठवतो की भजनी मंडळात, असं कुणीतरी लिहिलं. खाली बरेच अंगठे आले.

सर आत गेले. तिरकी रेघ ओढली, ठोकळा काढला.

"ढोकळा," मितेश ऐकू जाईल इतपत हळू म्हणाला. "सर, चटणी कौनसी?"

हसू फुटलं. सरांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. पाच किलोचा ठोकळा, तीस अंशांचा उतार, घर्षणांक शून्य पॉइंट सात. असली गणितं त्यांनी झोपेतसुद्धा केली असती. ओठांवर चरण आला आणि त्यांनी तो गिळला. दारात साकेत उभा होता, भिंतीवर कॅमेऱ्याचा लाल दिवा. गिळलेल्या चरणाबरोबर त्याच्या पाठचा प्रश्नही पोटात गेला. सरांनी भराभर लिहिलं. ठोकळ्याला खाली ओढणारं बळ पंचवीस, घर्षणाचं तीस. वजाबाकी, भागाकार. उत्तर उणे आलं. उणे म्हणजे दिशा उलटी, असं म्हणत त्यांनी बाण फिरवला आणि उत्तराला चौकट केली.

पहिल्या बाकावरची मृणाल उभी राहिली. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, आणि सगळ्यात तुसडी.

"सर, बाण वर आहे."

"हो."

"म्हणजे ब्लॉक स्वतःहून चढ चढतोय. कोणी न ढकलता."

वर्ग हसत सुटला. मितेश बाक बडवत चमत्कार, माउली, चमत्कार म्हणत होता. मृणाल तेवढी हसत नव्हती. तिला राग आला होता.

"पेपरात आम्ही असं केलं तर मायनस मार्क पडतात, सर. तुमचं काय जातं?"

सरांनी फळ्याकडे पाहिलं. तो ठोकळा जागचा हलणारच नव्हता. तीस हे घर्षण नव्हतं, ती त्याची कमाल होती. शिकवायला लागल्यापासून सर हेच तर सांगत आले होते.

साकेत हसतमुखाने आत आला. डस्टर सरांच्या हातात देत, कॅमेऱ्याकडे पाठ करून, अगदी हळू म्हणाला, "बोला मुद्दाम केलं. ट्रॅप होता, बघत होतो कोण पकडतं. एक लाइन बोला सर, पुढचं मी बघतो."

त्याच्या मनात खोट नव्हती. सगळे असंच करतात. पालकांनीही मानलं असतं, वर सरांचं कौतुक केलं असतं. मृणाल अजून उभीच होती, मुठी आवळून.

"मुद्दाम नाही केलं," सर वर्गाला म्हणाले. "चुकलो. ती बरोबर आहे."

मग त्यांनी ठोकळा घसरत नाही असं लिहून घर्षण पंचवीस काढून दाखवलं. कुणी उतरवून घेतलं नाही. मितेशचा फोन बाकाखालून वर आला होता.

तास संपल्यावर साकेतने केबिनमध्ये बोलावलं आणि ग्रुप उघडून फोन पुढे सरकवला. सरांनी तो वाचला नाही. सोमवारपासून घोडबंदर रोडचा एक तरुण मास्तर येणार होता, त्याच्याशी बोलणं आधीच झालं होतं. साकेत बराच वेळ बोलत राहिला, पालकांवर, जमान्यावर, भाड्यावर. शेवटी म्हणाला, "मी तुमच्यासाठी खोटं बोलायला तयार होतो, सर. तुम्ही मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंत."

ओटीवर तो चरण सगळ्यात मोठ्याने कोण उचलायचा, हे सरांच्या अगदी जिभेवर आलं.

"बरं," ते म्हणाले, आणि मार्कर टेबलावर ठेवून उठले.

इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगकडे सिमेंटचा उतार जातो. त्याच्या कडेला मृणाल वडिलांच्या गाडीची वाट बघत होती. सर मान खाली घालून पुढे निघाले, तर तिनेच हाक मारली. आवाज तसाच चिडलेला.

"पंचवीस कसं? उत्तर मला माहितीये, पुस्तकात मागे दिलंय. पण फॉर्म्युला तर तीस देतो. मग फॉर्म्युला काय खोटा आहे?"

सरांनी खांद्यावरची पिशवी काढून उतारावर ठेवली. ती राहिली.

"खाली ढकल. एका बोटाने."

तिने नाखुशीने उकिडवं बसून ढकलली. पिशवी हलली नाही.

"आता घर्षण वाढलं का?"

तिने भुवया आवळल्या. "वाढलं."

"कोणी वाढवलं?"

"मी." तिने आपल्या बोटाकडे पाहिलं. "मी ढकललं म्हणून."

"जेवढं ढकलशील तेवढंच ते धरतं. अंगात जास्त असतं, पण लागत नाही तोवर काढत नाही. फॉर्म्युला सांगतो ती शेवटची हद्द."

"मग हे आधी का नाही सांगितलंत? वर्गात?"

रस्त्यावर गाडी येऊन थांबली होती. काच खाली झाली आणि तिच्या वडिलांनी सरांकडे न बघता सांगितलं, "मृणाल, चल. सोमवारपासून नवीन सर आहेत, डाउट त्यांना विचार."

ती उठली नाही. दोन बोटांनी पिशवी ढकलत राहिली, जोर वाढवत वाढवत, ती खरकन सरकेपर्यंत. मग गाडीत जाऊन बसली आणि दार आपटलं.

पिशवी वीतभर खाली जाऊन परत थांबली होती. खालून वर येणारा स्कूटरवाला हॉर्न मारत होता, काका बाजूला व्हा म्हणत होता. सर वाकले. पिशवी उचलण्याआधी त्यांनीही तिला एका बोटाने हळूच ढकलून पाहिलं.