दादाची स्वतंत्र खोली

"नमुना घेण्याआधी तासभर आजींना काही खायला देऊ नका. आणि बाळाला त्यांच्यापासून लांब ठेवा," प्रयोगशाळेतल्या बाईंनी फोनवर बजावलं होतं.

"बाळाचं काय एवढं? त्याला अजून दातसुद्धा नाहीत," मी हसण्यावारी नेलं. एरवी त्याची झबली दोनदा उकळणारी मी!

तळं उपसताना गाळात युद्धातलं एक विमान सापडलं होतं, आत पाच जण. नावं पाचही जणांची माहीत, पण कोणाची हाडं कोणती, ते कळत नव्हतं. तिघांची ओळख पटली. उरले दोघं. एक शेपटाकडच्या बंदुकीवरचा, त्याचं मागे कुणीच नाही. दुसरा रेडिओ सांभाळणारा, माझ्या आईच्या आईचा थोरला भाऊ. महिनाअखेरीला दफन होतं. तोवर ओळख पटली नाही, तर दोघांची शवपेटी एकच.

आजीला नेमकं तेच नको होतं. "आम्हा चौघा भावंडांत एका गादीवर झोपला गं जन्मभर. मी तर झोपेत लाथा घालायची. आता तरी दादाला स्वतंत्र खोली मिळू दे."

दादाच्या हाडांशी जुळवून बघायला मी तिच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, नळीत घालून पाठवली. आठवड्याने बाईंचा फोन. "यात दोन माणसांची लाळ आहे."

"आजी, मी हात धुवायला गेले तेव्हा तू काय केलंस?"

"कुठं काय!"

"आजी."

"खीर गरम आहे का, ते जिभेला लावून बघितलं. मग त्याच चमच्याने बाळाला भरवली. त्यानं तोंड फिरवलं, म्हणून उरलेली मी संपवली. अन्न टाकायचं होतं का?" आणि एकदम तिचा चेहरा उतरला. "माझ्या चमच्यापायी दादाची खोली गेली का गं?"

मी फोनवर सगळं कबूल केलं. बाईंनी विचारलं, "या तुमच्या आईच्या आई ना?"

"हो."

त्या हसायलाच लागल्या. "मग बिघडलं नाही. आम्ही आईकडून मुलांत उतरणारी डीएनएची खूण बघतो. आजींची, त्यांच्या दादाची, तुमची, बाळाची, सगळ्यांची एकच. तुमच्या यजमानांनी खीर चाखली असती, तर पंचाईत होती."

"जावयांना मी उष्टं देत नाही," आजी मागून ठसक्यात म्हणाली.

दादाची ओळख पटली, आणि आपसूक बंदुकीवाल्याचीही. दोघांना शेजारी-शेजारी जागा मिळाली. दादाच्या पेटीवर हात फिरवून झाल्यावर आजीने मला चाकाची खुर्ची पुढे, बंदुकीवाल्याच्या पेटीपाशी ढकलायला लावली. तिथे कुणी उभं नव्हतं. ती त्या पेटीवरही तितकाच वेळ हात फिरवत राहिली. "तू घोरत असशील तर हळू घोर रे बाबा. आमच्या दादाची झोप सावध."

आता तिचे गुडघे जिना उतरू देत नाहीत, आणि बाळाला दात येताहेत म्हणून मी घरात अडकलेय. ती रोज विचारते, "शेजाऱ्याकडे कुणी गेलं का?" तुम्ही त्या दफनभूमीच्या बाजूला गेलात, तर दादाच्या डावीकडच्या दगडावर पाला साचलाय का, तेवढं बघाल का? आणि मला कळवाल?