रानवस्तीचा बांध

परक्या माणसाला मत विचारलं तर तो मत देतो आणि आपल्या वाटेनं जातो. आपल्या माणसाला विचारलं तर तो मत देतो आणि ते अमलात आलं की नाही हे बघायला रोज चहाला येतो. पिंपळवंडीच्या सुदर्शनला हा हिशेब कळला, पण मत विचारून झाल्यावर.

सुदर्शननं पुण्यातली नोकरी सोडून मोबाइलवरचा एक खेळ बनवला होता. नाव ‘रानवस्ती’. खेळणारा रिकाम्या हातांनी रानात उतरतो. काटक्या, दगड, वेली गोळा करतो. दगड काठीला बांधला की कुऱ्हाड होते, कुऱ्हाडीनं लाकूड मिळतं, लाकडाची झोपडी होते. मध्येच भूक लागते, अंधार पडतो, उसातून बिबट्या येतो. म्हणून वस्तीभोवती गावकूस बांधायचं. त्याचे दगड एवढे मोठे की दोघांनी मिळून उचलल्याशिवाय जागचे हलत नाहीत. या गावकुसात सुदर्शनचा जीव अडकला होता. दगड सांध्यात बसताना येणारा आवाज मनासारखा मिळेपर्यंत त्यानं घरामागं खरे दगड आपटून पाहिले होते, आणि आई साळुबाईनं भावकीत ‘पोराला बाहेरचं काही झालंय का’ अशी चौकशीही करून ठेवली होती.

रविवारी पुण्याच्या एका कंपनीतल्या तेजस्विनी मॅडम खेळ बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडला तर पुढचं सगळं काम कंपनी करून घेणार आणि सुदर्शन पिंपळवंडीतच राहणार. नाही पडला तर बंगळुरूची नोकरी तयार होती, पहिल्या तारखेला हजर व्हायचं. मॅडमची अट एकच. “तुम्ही खेळून दाखवू नका. लोक खेळताना दाखवा.”

लोक म्हणून त्यानं दोघांना धरलं. एक चुलते गेणभाऊ, त्याचे तात्या. टोमॅटो उरकल्यामुळे मोकळे, आणि पत्त्यांत कुणी भिडू घेत नसल्यामुळे जास्तच मोकळे. दुसरी रिद्धी, शाळासोबत्याची बायको, आळेफाट्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानाची धाकटी सून. दुपारी गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यावर बसून फोनवर बोटं चालवणारी. दोघांचा एक गुण सारखा होता, हातात घेतलेलं सोडत नाहीत. सुदर्शननं तो जमेला धरला. खर्चाची बाजू उघडायला दोन दिवस लागले.

“सुदर्शनभाऊ,” रिद्धीचा फोन आला, “मी परत मेले.”

“कशानं?”

“उपाशी.”

“वहिनी, समोर कंद होते की! खणायचे आणि खायचे.”

“जमिनीखालचं आम्ही खात नाही. तुम्हाला माहीत नाही का? लग्नाला आला होता तेव्हा कांद्याशिवाय जेवला होतात.”

“तुम्ही नका खाऊ. त्या बाहुलीला खाऊ द्या.”

“बाहुलीला नाव माझं आहे. सासूबाईंनी बघितलं म्हणजे?”

सुदर्शननं झाडांना बोरं आणि जांभळं लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. “मेले.”

“आता काय झालं?”

“बोरं गोळा करीपर्यंत तुमचा सूर्य मावळला. मावळल्यावर मी खात नाही. एका गिऱ्हाइकाला पाइप दाखवला की तुमचा दिवस संपतो, असा कुठं दिवस असतो का? सूचना लिहून घ्या. दिवस लांबवा.”

दिवस लांबवायचा म्हणजे निम्मा खेळ उसवायचा. सुदर्शननं ‘बघतो’ म्हटलं, आणि सरकारी खात्याचा ‘बघतो’ असतो तसाच हाही राहिला. रिद्धी रोज व्रतस्थ मरायची, रोज नव्यानं जन्म घ्यायची. रानात दोघांच्या जागा लागून होत्या, आणि ती नसताना तिथं एकटे उरायचे ते गेणभाऊ.

गेणभाऊंनी रानात उतरल्यावर कुऱ्हाड केलीच नाही. त्यांनी दगड गोळा केले. आपल्या गावकुसाचा पाया पडतोय म्हणून सुदर्शन हरखला. मग बघतो तर दगडांची सरळ रेघ, इकडून तिकडं.

“तात्या, हे काय?”

“बांध.”

“आधी कुऱ्हाड करायची असते.”

“आधी हद्द. कुऱ्हाड काय, शेजाऱ्याची मागून आणता येती.”

“अहो, बिबट्या येईल ना!”

“येऊ दे. बिबट्या काय जागा मागतोय?”

आता गेणभाऊंचं माणूस म्हणून मोजमाप करायचं तर सरळ माणूस. खऱ्या रानात बांधावरचं ढेकूळसुद्धा त्यांनी कधी इकडचं तिकडं केलं नव्हतं. शेजारी भांडखोर आणि आपला आवाज बारीक, हेही त्यामागं कारण होतं. पण जन्मभर आवरून धरलेला हात फोनवर सुटला. रिद्धी उपाशी मेली की ते एक दगड उचलायचे आणि हातभर पलीकडं ठेवायचे. एकच. फार नाही. जाणता माणूस बांध कोरतो तेव्हा असाच कोरतो, शेजाऱ्याला आपलंच चुकतंय असं वाटलं पाहिजे.

रिद्धीला मात्र तसं वाटेना. दुकानातल्या मापावर वाढलेली बाई ती. तिनं तिघांच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. “काका, माझं अंगण काल चुलीच्या पलीकडं होतं. आज चूल बांधाला टेकलीय. चूल चालत आली का?”

गेणभाऊंचं उत्तर लगेच आलं. “शेठाणीबाई, उपास कमी करा. डोळ्यापुढं अंधारी येती.”

मग ती दुपारी टपून बसायला लागली. जेवण झालं की गेणभाऊंना डुलकी लागते, हे तिनं दोन दिवसांत ताडलं. त्यांचा डोळा लागला की दगड परत, आणि वर व्याज म्हणून हातभर आणखी आत. संध्याकाळी गेणभाऊ तणतणत सुदर्शनच्या दारात.

“आरं, हा काय खेळ हाय का लुटालूट? लिहून घे. बांधावर बाभळी लावता आल्या पायजेत.”

“बरं.”

“आणि सावली तिच्या बाजूला पडली पायजे.”

“तात्या, सूर्य फिरतो खेळात.”

“मंग फिरवू नको. आणि एक मोजणीवाला ठेव. पण तारखेला लगेच येणारा नको, न्हाईतर मजा काय ऱ्हाईल?”

तिकडून रिद्धीची सूचना, तारेचं कुंपण पाहिजे. कोणत्या जाडीची तार, कोणती टिकते, कोणती आठ महिन्यांत गंजते, याचा तपशील तिनं न मागता दिला. सुदर्शननं डोकं धरलं. अडुसष्ट हत्यारं आणि अवजारं त्यानं जिवापाड घडवली होती. विळ्याची मूठसुद्धा हातात फिरते असा खेळ! आणि या दोघांनी शुक्रवारपर्यंत त्यातलं एकही बनवलं नव्हतं. गावकुसाचे दगड होते तिथंच होते. ते उचलायला दोघं लागतात, आणि हे दोघं एका दगडाला हात लावायचे ते फक्त ओढाओढीसाठी.

“आई, तूच सांग आता तात्यांना,” तो वैतागून म्हणाला.

साळुबाई भाकरी परतत म्हणाली, “त्यांचं काय चुकलं? ती बाई लई आत आली व्हती.”

घरातच पक्ष पडलेले पाहून शनिवारी सुदर्शननं निर्णय घेतला. खेळात नवा नियम घातला, एकदा ठेवलेला बांधाचा दगड कुणालाच हलवता येणार नाही. मध्यरेषा त्यानं स्वतः सरळ करून दिली. निम्मा खेळ उसवून रिद्धीसाठी दिवसही लांबवला, तोंड बंद राहावं म्हणून. ग्रुपवर लिहिलं, ‘बांधाचा विषय संपला. उद्या दहा वाजता दोघांनी गावकूस बांधायचं. मॅडम येणार आहेत.’ दोघांनीही अंगठा पाठवला. सुदर्शनला वाटलं, हे आधीच करायला हवं होतं.

रविवारी मॅडम वेळेवर आल्या. पडवीत बसल्या, पोहे खाल्ले, आणि आपल्या फोनवर रानवस्ती उघडली. ऊन पडलेलं. दोन उघडी अंगणं, त्यांच्यामध्ये रेघेत बांध, आणि बांधावरून बिबट्या सरपंचासारखा निवांत फिरतोय. माणूस नाही.

“लोक कुठंयत?” मॅडमनी विचारलं.

सुदर्शन फोन घेऊन अंगणात गेला. रिद्धी म्हणाली, “दुकानात आहे, भाऊ. आता तिथं येऊन करायचं काय?”

“गावकूस!”

“बांधा की तुम्ही. दगड कुणी हलवत नाही म्हटल्यावर राखायचं काय मी? आणि दिवस तर संपतच नाही तुमचा. कंटाळा आला.”

गेणभाऊ तर स्वतः पडवीत येऊन बसले होते, हातात चहा, फोन खिशात. “मी सोडलं ते,” ते मॅडमना सांगत होते. “मन रमंना. तुमच्या पुण्यात पाऊस कसा काय?”

मॅडमनी थोडा वेळ एकट्यांनीच कुऱ्हाड बनवली, झाड तोडलं, विळा फिरवून पाहिला. मग फोन खाली ठेवला. “काम सुबक आहे, सुदर्शन. पण कुऱ्हाड, झोपडी हे सगळ्यांच्या खेळात असतं. तुमच्या घरची माणसंसुद्धा खेळत नसतील, तर बाहेरची का खेळतील?” त्यांनी पर्सची चेन ओढली. ती चेन बंद होताना सुदर्शनला बंगळुरूची खोली दिसली, वाट्याला आलेला निम्मा ओटा आणि डब्यातला भात.

त्याचा संताप मॅडमवर नव्हता. तो उठला, लॅपटॉप उघडला आणि शनिवारचा नियम काढून टाकला. ग्रुपवर लिहिलं, ‘दगड मोकळे केलेत. कुणाला काय सरकवायचं ते सरकवा, आणि मला विचारू नका.’

गेणभाऊ पुण्याच्या पावसावर बोलत होते. खिशात फोन वाजला. वाक्य तिथंच सोडून त्यांनी मेसेज वाचला. “आलोच मी, जरा गोठ्यात बघून,” म्हणाले आणि चहा निम्मा टाकून उठले. गोठ्यात त्यांनी काय बघितलं ते म्हशीला ठाऊक. इकडं मॅडमच्या फोनवर एक बाहुली धावत आली आणि बांधाशी वाकली. तिच्या मागोमाग दुसरी.

“काका, हात काढा! मी उभी आहे इथं!” फोनमधून रिद्धीचा आवाज आला.

“तुमी उभ्या हाय, पण माझ्या रानात उभ्या हाय!” हे गोठ्यातूनही ऐकू आलं आणि फोनमधूनही.

मॅडमनी पर्स बाजूला सरकवली. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “मला जागा मिळेल?” सुदर्शननं दिली. कडेला चांगली ऐसपैस होती, पण मॅडमनी बांधाजवळचीच घेतली, गेणभाऊंना लागून. गेणभाऊ गोठ्यातून परत आले, समोर बसले, हसले. “शेजारी आलात, लई बरं झालं. काय लागलं तर मागा.” अंगठा मात्र चालूच होता.

“हा दगड इथं होता ना?” मॅडम म्हणाल्या.

“न्हाई ताई. पयल्यापास्नं तिथंच.”

“मीच ठेवला होता, काका.”

“तुमी पुण्याच्या. तुमाला दिशा कळायची न्हाई.”

“मी मूळची मंचरची आहे. घरी शेतीच आहे.”

गेणभाऊंचा अंगठा थांबला. “आसं व्हय,” ते म्हणाले. “मंग तर सांभाळून ऱ्हायला पायजे.”

सांभाळून राहायला हवं होतं ते खरंच. साळुबाईनं दुसरा चहा पुढं केला, गेणभाऊंनी बशीत ओतायला मान खाली घातली, तेवढ्यात मॅडमनी त्यांचे दोन दगड आत नेले. मग जी जुंपली! रिद्धीनं आधी मॅडमची बाजू घेतली, आणि मॅडमचा हात तिच्याही बाजूला वळल्यावर गेणभाऊंची. ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. साळुबाईनं न विचारता चौथं ताट वाढलं. मॅडमनी डाव्या हातानं फोन धरून पिठलं खाल्लं.

त्या हात धुवायला उठल्या तेव्हा सुदर्शननं घसा साफ केला. “मॅडम, आपल्या कामाचं...”

“घेतोय आपण, घेतोय. कागद उद्या पाठवते.” त्यांनी हात पुसलेसुद्धा नाहीत. “तुम्ही आधी असं करा, दगड हलला की मालकाच्या फोनवर घंटी वाजली पाहिजे. आजच्या आज.”

“हे बराबर न्हाई!” गेणभाऊ उसळले. “घंटी वाजल्यावर खेळायचं कशाला?”

“ताईंचं बरोबर आहे,” रिद्धी फोनमधून म्हणाली. “आणि तारेचं काय झालं?”

“आणि गावकूस?” सुदर्शननं विचारलं. “दोघांनी मिळून उचलायचे दगड? ते ठेवायचं ना?”

“ते कशाला?” तिघंही एकदम म्हणाली. आठवड्यात त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

सुदर्शन आतल्या खोलीत गेला. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असावा. पण पडवीतून कुणीतरी त्याला हाका मारत होतं, त्यामुळे नीट बघता आलं नाही. बंगळुरूच्या साहेबांना कळवणं भाग होतं. येत नाही हे सोपं होतं, का येत नाही हे लिहायला सुचेना. पडवीतला आवाज चढला तशी त्यानं दाराची कडी लावली आणि एका दमात लिहून टाकलं, ‘घरी जमिनीचं काम निघाल्यामुळे रुजू होता येत नाही. क्षमस्व.’