आईच्या प्रकरणाचं काय झालं

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माझी गोष्ट आफ्रिकेतली, गोऱ्या साहेबाच्या राजवटीतली. नदीकाठच्या गावात साहेब येतो, सभा भरवतो, गोड बोलून सगळ्यांचं मत विचारतो आणि जमीन घेऊन मोकळा होतो. एक म्हातारी आई तेवढी उभी राहून त्याला जाब विचारते. ते प्रकरण म्हणजे माझा जीव.

छापखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी करकरीत होते. पुढे वाचनालयात धूळ खात पडले. मग एका प्रायोगिक नाटकमंडळीनं मला रद्दीतून उचललं. वाटलं, नशीब उघडलं!

त्यांची रीतच न्यारी. लेखक कोणी नाही, नाटक सगळ्यांनी मिळून उभं करायचं. दिग्दर्शकाला सगळे दादा म्हणत. त्यानं पहिल्याच दिवशी मला फाडून प्रकरणं वाटली. ज्याच्या हाती जे येईल, त्यातून त्यानं प्रवेश रचायचा. दुखलं, पण सोसलं. आईचं प्रकरण मावशीकडे गेलं. मावशी मंडळीतली सगळ्यात जुनी नटी, पण आजवर तिच्या वाट्याला पाणी आणून देणाऱ्या बायकाच आलेल्या. तालमीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ती मला वाचायची. तिच्या तोंडून माझे शब्द ऐकले आणि छापल्याचं सार्थक झालं.

बाकीच्यांचं भलतंच. ज्याला त्याला साहेब व्हायचं होतं! साहेबाचा एकटेपणा, साहेबाची घुसमट, साहेबाचा ताप. नाटक मारुतीच्या शेपटासारखं वाढलं, तेव्हा दादानं सगळ्यांना गोल बसवलं.

"काहीतरी कापावं लागेल. मी ठरवणार नाही. हात वर करा."

आईच्या प्रवेशावर हात वर झाले.

"अरे, पण मग साहेबाला विचारणारं उरलं कोण?" मावशी म्हणाली.

"मावशी, मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तुम्ही साहेबावर छत्री धरा. तेही महत्त्वाचंच आहे," दादा म्हणाला.

माझ्यातला साहेब अगदी असाच बोलतो. मेल्यांनी मला वाचलं होतं की नुसतं फाडलं होतं?

पहिल्या प्रयोगाला मावशीनं माझी पानं कमरेला खोचली आणि छत्री धरून उभी राहिली. हात भरून आले तरी हलली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा पडल्यावर एक समीक्षक आत आला.

"त्या बाईचं मौन काय बोलकं आहे हो! कोणाला सुचलं?"

"सगळ्यांना मिळून," दादा म्हणाला.

"मला नाही सुचलं," मावशी म्हणाली. तिथे सगळे होते. ऐकलं कोणीच नाही.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना डिंक लावा, कव्हर घाला, असं तुम्हाला सांगतात. मला त्याची हौस उरली नाही. बाकीची पानं गेली, आता मी आईच्या प्रकरणापुरतीच शिल्लक आहे, मावशीच्या पिशवीत. तिला एकदा एवढंच म्हणा, "मावशी, वाचा ना मोठ्यानं." आणि मग मध्ये बोलू नका.