खळ्यावरचं मरण

स्पेनमधल्या तबेर्नासच्या माळावर ऊन असं होतं, की सरडेही दगडाखाली गेले होते. अशा उन्हात खांद्यावर घोंगड्या आणि टाचांना घोडेस्वाराची लोखंडी चाकं लावून सहा धडधाकट माणसं म्हाताऱ्या कासिल्दाच्या खळ्यावर उभी होती. कुणी दंतवैद्य, कुणी विमा विकणारा. घरी बायकोपुढे तोंड उघडत नसतील, पण इथे डोळे बारीक करून एकमेकांवर बोटांची पिस्तुलं रोखत होते. सत्तावन्न वर्षांपूर्वी एका काउबॉयपटातली शेवटची चकमक याच खळ्यावर झाली होती. ती जागा पाहायला हे जर्मनीहून आले होते.

"मावशी, दोरीवरची ती चादर काढता का जरा?" गावचा वाटाड्या रोसेन्दो चाचरत म्हणाला. "यांच्या फोटोत येतेय. सिनेमात नव्हती म्हणे."

"सिनेमात मीही नव्हते. मलाही काढायचंय का?"

चादर तिथेच राहिली.

कासिल्दाला या लोकांची शिसारी यायची. नायकाचा बूट कुठल्या दगडावर पडला हे त्यांना ठाऊक, पण पाणी मागताना 'कृपा करून' म्हणायची अक्कल नाही. आणि सगळ्यात मोठा राग वेगळाच होता. हे सगळे तिच्या भावाला हसायला येत.

इंदालेसिओ त्या चित्रीकरणाच्या वेळी वीस वर्षांचा होता. गोळी लागून पडणाऱ्या डाकूंमध्ये तोही होता. पडला, मेला, आणि तेवढ्यात देवळात दुपारची बाराची घंटा झाली. ती ऐकली की गावातला माणूस असेल तिथे थांबून क्रूसाची खूण करतो. मेलेल्या इंदालेसिओनंही केली. कुणाच्या लक्षात आलं नाही आणि ते तसंच पडद्यावर गेलं.

पुढच्याच वर्षी तो बार्सिलोनात बांधकामावरून पडून खरोखरचा गेला. "मेल्यावरही पोरगा देवाला विसरला नव्हता," असं पाद्री म्हणाला आणि आईनं त्या एका वाक्यावर उरलेलं आयुष्य काढलं. बारमध्ये तो सिनेमा लागला की गाव खदाखदा हसायचं, म्हणून कासिल्दानं तो कधी पाहिला नाही आणि हसणाऱ्यांशी बोलणंही टाकलं. घरात इंदालेसिओचा एकही फोटो नव्हता. गेली काही वर्षं तिला त्याचा चेहराच आठवेनासा झाला होता. हे ती कुणालाही सांगत नव्हती.

तो दंतवैद्य, डेटलेफ, खळ्यावर आडवा झाला, मेला आणि क्रूसाची खूण करून उठला. बाकीचे पोट धरून हसले.

कासिल्दा तरातरा खळ्यावर गेली. "रोसेन्दो, या माकडाला विचार, त्याच्या फोनमध्ये तो सिनेमा आहे का."

"मावशी, कशाला उगाच..."

"विचार म्हणते ना!"

डेटलेफनं घाईघाईनं तेवढाच तुकडा काढून फोन तिच्या हातात दिला. असल्या माणसाकडे मागावं लागलं, याची तिला लाज वाटली. तिनं एप्रनच्या टोकानं काच पुसली, फोन अगदी नाकाजवळ धरला.

धूळ. घोडे. एकजण धाडकन पडला. हात उठला, कपाळाला गेला, छातीला, खांद्यांना. आणि मग त्यानं एक डोळा किलकिला करून शेजारच्या मेलेल्याकडे पाहिलं. त्याचे ओठ दाबलेले होते. पोट गदगद हलत होतं. शेजारचा मेलेलाही हलत होता.

देवभक्ती कसली! पैज लावली असणार गाढवानं. घरी ताटावर बसून आईला हसवायचा, तेव्हा अगदी असाच दिसायचा. तो चेहरा आता लख्ख समोर होता.

"काय झालं, मावशी?" रोसेन्दोनं घाबरून विचारलं.

"निर्लज्ज!" ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आणि मी याच्यापायी पन्नास वर्षं गावाशी बोलले नाही."