हे बिल नाही

या, जवळ सरका. डेल्फीन टकरची गोष्ट सांगते. जीव गलबलेल, पण मधेच उठू नका.

बुधवारची दुपार. यंगस्टाउनच्या घरात डेल्फीन मासे तळत होती आणि चर्चमधलं गाणं गुणगुणत होती. पाच गुरुवार ती नवऱ्याला, हार्लनला चोरून समुपदेशकबाईंकडे जात होती. हार्लनच्या मुठींबद्दल ती तिथंच पहिल्यांदा बोलली होती. दर खेपेला तिथल्या पैसे भरायच्या खिडकीवर वीस डॉलर रोख दिले की कुठं काही माग उरत नाही, असं तिला वाटे. पण ते वीस नुसते तिच्या वाट्याचे. बाकीची फी विमा कंपनी भरत होती, आणि विमा होता हार्लनच्या कारखान्याचा, हार्लनच्याच नावावर.

हार्लन टपाल फोडतच आत आला. विमा कंपनीच्या कागदावर ठळक छापलं होतं, 'हे बिल नाही'. खाली डेल्फीनचं नाव, पाच तारखा, मानसोपचार.

"घरातलं कुणाला सांगत फिरतेस गं?"

"डोकं दुखायचं म्हणून…"

"डोकं होय? थांब, दुखवतोच."

पहिल्या ठोशाला ओठ फाटला. दुसऱ्याला दात तुटून ओट्यावर पडला. केस धरून त्यानं तिचं डोकं कपाटावर आपटलं आणि समुपदेशकबाईंकडचा नंबर लावून फोन तिच्या तोंडाशी धरला. "सांग, पुन्हा येणार नाही म्हणून."

पलीकडून खिडकीवरच्या अर्नेस्टीनबाई "हॅलो" म्हणाल्या. डेल्फीननं तोंडातलं रक्त गिळलं.

"बाई, डेल्फीन टकर. उद्या मी येणार! आत्ता पोलीस पाठवा, हा मला मारून टाकतोय!"

फोन भिंतीवर फुटला. मग तिचं मनगट मोडलं. तो पुन्हा हात उगारणार, तोच पोलिसांनी दार तोडलं.

गुरुवारी ती प्लास्टर घातलेल्या हातानं खिडकीशी उभी राहिली. अर्नेस्टीनबाईंना रडू आवरेना.

"अगं, जिवाला धोका आहे असा अर्ज केला, की विमा कंपनी कागद दुसऱ्या पत्त्यावर पाठवते. मला ठाऊक होतं. पण कुणी विचारत नाही, म्हणून मीही सांगत नाही."

"ज्याला ठाऊकच नाही, तो विचारणार कसा, बाई?"

त्या दिवसापासून पैसे घेण्याआधी अर्नेस्टीनबाई प्रत्येकीला हळूच विचारतात, "कागद घरी आला तर चालेल ना, बाळ?"

रविवारी हात जोडाल तेव्हा डेल्फीनसाठी देवाकडे एक शब्द टाका. आणि जिचा फोन त्या खिडकीपर्यंत पोचलाच नाही, तिची आठवण ठेवा.