सोनबाच्या खिळ्यावरची कातर

मी कातर बोलतेय. शिंप्याची नव्हे, मेंढरांची लोकर कातरणारी. अंथुर्ण्याच्या लोहारानं मला घडवून सोनबाच्या हातात दिलं, तेव्हा त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या. पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं विकली गेली. मी सोप्यातल्या खिळ्यावर लटकले. पाती शिणली होती, बरं वाटलं.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात सोनबाच्या नातीच्या, योगिनीच्या डोक्यात केस गळून रुपयाएवढी चाई पडली. मग दुसरी, तिसरी. चाई म्हणजे केस खाणारा किडा, तो एकाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात जातो, असं सगळे म्हणत. धाकट्या लेकीला लागू नये म्हणून आईनं, दगडाबाईनं, योगिनीचं अंथरूण वेगळं केलं आणि तिची फणी दोऱ्यानं बांधून माझ्याच खिळ्यावर अडकवली. पोर दाराबाहेर पडेना.

सोनबाला राहवेना. त्यानं मला खाली उतरवलं.

"कातरल्याबिगर लोकर दाट येत न्हाय. बस हितं."

त्यानं तिला मेंढीसारखं गुडघ्यांत धरलं. उभ्या जन्मात मी एवढं मऊ काही कापलं नव्हतं. लोकर असती तर पुन्हा आली असती. इथं चट्टेच तेवढे वाढले. म्हाताऱ्याचं जेवणावरचं मन उडालं.

शेवटी तिला बारामतीला नेलं. परत आल्यावर सोनबा सुनेला सांगत होता, "किडा न्हाय, पोरी. अंगातली राखण करणारी ताकदच केसांच्या मुळांना वैरी समजती, म्हनले डाक्टर. आपलं कुत्रं आपल्याच मेंढरांवर गेल्यागत. थायरॉईड का काय, त्या गळ्यातल्या गाठीवरबी असंच हुतं काहींना, म्हनून रगत घेतलंय."

"केस येत्याल का, मामंजी?"

"येत्याल, न्हायतर न्हाय. पर दुसऱ्याला लागत न्हाय."

दगडाबाई चुलीपुढून उठली. खिळ्यावरची फणी सोडली, स्वतःचा अंबाडा मोकळा केला आणि तीच फणी केसांतून फिरवू लागली.

"आई, ती माझी हाय," योगिनी दारातून म्हणाली.

"व्हय, तुझीच. मला गुंता सुटंना. तू सोड."

पोर आईच्या पाठीशी येऊन बसली.

आता खिळ्यावर मी एकटीच आहे. गंज चढलाय, पाती मिटत नाहीत. भंगारवाला आला तर खुशाल द्या मला. तेवढी फणी मात्र पुन्हा इथं अडकवू नका.