शून्य वाराची गोगलगाय

मी एक जुनी गोगलगाय आहे. दचकू नका, कोबीच्या पानाखाली सापडते ती नव्हे. टॅबवर पत्त्यांच्या लढाईचा एक गेम खेळतात, त्यातल्या एका पत्त्यावर माझं चित्र आहे. म्हणजे मी पत्ता आहे, पण मला पिसता येत नाही आणि खिशातही ठेवता येत नाही. मित्रांनो, आयुष्यात मला एकामागून एक असे धक्के बसले की पाठीवर कवच नसतं तर माझं काही खरं नव्हतं.

पहिला धक्का जन्मतःच बसला. मला काढणारी चित्रकार दिवसभर सिंह, गरुड आणि आगीचे राक्षस काढून दमली होती. तिच्या साहेबांनी सांगितलं, "आणखी एक काहीतरी काढ गं, भरतीला." तिने मला काढलं. मग एकाने माझ्याखाली आकडे भरले. वजन एक, जीव तीन आणि वार शून्य! मी पुन्हा पुन्हा वाचलं. लढाईच्या खेळात मला पाठवायचं आणि हातात काहीच द्यायचं नाही? कीव आली म्हणून की काय, शेवटी एक ओळ लिहिली: 'कवच. कितीही मोठा वार बसला तरी एकच जीव कमी होतो.'

दुसरा धक्का त्याहून मोठा होता. आमच्या गेममध्ये नको असलेले पत्ते वितळवतात आणि त्यांचं बळ मोठ्या पत्त्यांना देतात. माझ्यासारख्या असंख्य गोगलगायी लोकांनी माझ्यादेखत वितळवल्या. "ही कशाला ठेवायची?" एवढंच म्हणायचे आणि बोट दाबायचे. आज ना उद्या आपलीही पाळी येणार, हे मी धरूनच चालले होते.

अशात मी बाबांच्या टॅबवर आले. हे बाबा म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे एक कारागीर. अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला, बोलणंही गेलं. फक्त एक शब्द उरला, "बरं." भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं. डॉक्टरांनी तपासताना विचारलं, "आजोबा, तुम्ही विमान चालवता का?" बाबा म्हणाले, "बरं." डॉक्टरांनी मान हलवली. यांना कितपत समजतं ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले, आणि घरच्यांनी त्याचा अर्थ काहीच समजत नाही असा घेतला.

बोलणं शिकवायला एक बाई येत. त्यांनीच हा गेम टॅबवर घालून दिला. निदान डावा हात तरी चालता राहील, असं त्यांचं म्हणणं. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, मांडीवर उशी, उशीवर टॅब. शेजारी त्यांची मुलगी. ती केस कापायच्या दुकानात काम करायची. दुपारी घरी आली की कपड्यांवरचे केस झटकत बाबांजवळ बसायची.

आमच्या लढाईची रीत सोपी आहे. प्रत्येक लढाईला वजनाची मर्यादा असते, त्यामुळे सगळेच मोठे पत्ते घेता येत नाहीत. शिवाय दर वेळी एक नवी अट पडद्यावर येते. आज उडणारे पत्ते बंद, उद्या फक्त निळे पत्ते, असं काहीही. ती सांभाळून ठरलेल्या वेळात रांग लावायची. वेळ संपली की रांगेला कुलूप लागतं. जो पुढे उभा, तो आधी मार खातो.

बाबा मला वितळवत नव्हते, याचंच मला नवल वाटायचं. त्यावर कडी म्हणजे ते कधी कधी मला रांगेत घ्यायचे, आणि तेही सगळ्यांच्या पुढे! माझी तर बोबडीच वळायची. पण मुलगी लगेच हात घालायची. "अहो बाबा, हिला कुठे पुढे ठेवताय? एका वारात चिरडली जाईल ती. पुढे वाघ हवा." बाबा म्हणायचे, "बरं." पण त्यांचं बोट पुन्हा माझ्यावर यायचं. ती पुन्हा वाघ ठेवायची. मग वाघ मरायचा, आम्ही हरायचो आणि मुलगी म्हणायची, "जाऊ दे बाबा, खेळच तो." अट वाचायची तिला सवयच नव्हती. पुढे बलवान आणि मागे किरकोळ, हे तिचं ठरलेलं होतं.

एके दिवशी तिचा दादा आला. तो घरं रंगवायचा, त्याच्या नखांत पांढरा रंग होता. त्याने येतानाच मोठी बॅग आणली आणि पलंगावर उघडली.

"वृद्धाश्रमात जागा मिळाली बाबांसाठी," तो म्हणाला. "सोमवारपासून ठेवून घेतात. चोवीस तास माणूस असतो तिथे."

मुलगी बाबांच्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली. "मला कसंतरी होतंय रे दादा. त्यांना घर सोडायला लागणार."

"अगं, त्यांना घर काय आणि ती जागा काय! कळतंय कुठे? तू स्वतःकडे बघ जरा. किती दिवस ओढणार आहेस?"

तिने एका सदऱ्याची घडी घातली. मग तो बॅगेत ठेवता ठेवता म्हणाली, "खरंय. सुटेन तरी एकदाची."

हे सगळं बाबांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर चाललं होतं. मी पडद्यावरून बाबांकडे बघत होते. त्यांचं बोट मधेच थांबलं. मग ते हळूहळू पुढे आलं आणि त्यांनी मला उचलून रांगेत अगदी पुढे ठेवलं. माझ्यामागे मलमवाली मुंगी ठेवली. ती पुढच्या पत्त्याचा एक जीव दर फेरीला भरून काढते. बाकी जवळजवळ कुणीच नाही. मुलीचे हात कपड्यांत गुंतलेले होते. वेळ संपली, कुलूप लागलं. समोर उभा होता डोंगराएवढा राक्षस. मी डोळे मिटले. आता संपलंच, म्हटलं.

राक्षसाने घाव घातला. मी हादरले, पण एकच जीव गेला. मुंगीने तो लगेच भरून दिला. आणि राक्षसच कळवळला! त्या लढाईची अट होती, 'वार करणाऱ्यावर त्याचा अर्धा वार उलटेल.' माझा वार शून्य, त्यामुळे माझ्यावर काय उलटणार, कपाळ? तो मात्र जितक्या जोराने हाणत होता तितका स्वतःच खचत होता. थोड्याच वेळात तो धाडकन कोसळला. विजयाचं संगीत वाजलं. मित्रांनो, मी जिंकले होते आणि माझा माझ्यावरच विश्वास बसत नव्हता!

मुलगी आवाजाने वळली. "अगंबाई! दादा, जिंकले बघ."

"लागला असेल मटका," दादा म्हणाला.

तेवढ्यात पुढची लढाई आली. मी ऐटीत वाट पाहत होते. आता आपण घरचे झालो, आपल्याशिवाय पान हलणार नाही. बाबांनी पडद्यावरची अट पाहिली, बराच वेळ पाहिली. मग त्यांनी मला उचललं आणि रांगेबाहेर ठेवून दिलं.

मी गारच पडले. एवढा पराक्रम केला आणि मलाच अडगळीत टाकलं? मुलगीही चकित झाली. "अहो बाबा, आत्ता तर तिने जिंकून दिलं. तिला का काढलंत?" आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने वाकून अट वाचली. लिहिलं होतं, 'या लढाईत कवच चालणार नाही.'

ती तशीच वाकलेली राहिली. "दादा," ती म्हणाली, "मी ही अट वाचून दाखवली नव्हती रे त्यांना."

"मग?"

"मग काय! त्यांनी वाचली. वाचली, समजली, म्हणून गोगलगाय काढली."

दादाने वाकून पडद्यावरची अट स्वतः वाचली. मला काढलं म्हणून माझा जीव जळत होता, आणि मला काढलं म्हणूनच बाबांचं शहाणपण सगळ्यांना दिसलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. पण त्या दोघांचे चेहरे पाहून मला भीती वाटली. मुलगी पांढरीफटक पडली होती. ती काय आठवत होती ते मला कळलं. या खुर्चीशेजारी बसून घरच्यांनी काय काय बोलून घेतलं होतं! दुखण्याबद्दल, वासाबद्दल, आणखी किती दिवस काढतील त्याबद्दल. आणि आत्ताच तिने स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं, सुटेन एकदाची.

"सगळं ऐकलंत तुम्ही?" तिने विचारलं. "बाबा, सगळं?"

"बरं," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

दादा खुर्चीसमोर खाली बसला. त्याने बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाबा, खरं सांगा. तुम्हाला जायचंय का तिकडे?"

बाबांनी तोंड उघडलं. आता काय येणार ते सगळ्यांनाच माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं. ओठ त्या एकुलत्या एका शब्दाकडे निघाले होते. तेवढ्यात बाबांनी डावा हात वेगाने उचलला आणि स्वतःच्याच तोंडावर घट्ट दाबून धरला. मुलांकडे बघत त्यांनी तो तसाच दाबून ठेवला. शब्द त्यांनी बाहेर येऊ दिला नाही.

टॅब उशीवरून घसरून जमिनीवर पडला, तरी कुणी उचलला नाही. मी खालून ऐकत होते. मुलगी बॅगेतून एकेक सदरा काढत होती, आणि दादा विचारत होता, रात्री बाबांजवळ आळीपाळीने कोण झोपायचं, दिवसा सांभाळायला बाई किती वेळ मिळेल. दर प्रश्नाला तो आधी बाबांकडे बघत होता.

मित्रांनो, मी आकड्यांची बनलेली साधी गोगलगाय. मला रांगेतून काढा, वितळवा, माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात कुणी गप्प झालं असेल, तर त्याच्या डोक्यावरून बोलू नका. त्याच्यासमोर बसा, विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर तेवढा वेळ थांबा.